सोडलेल्यानं सोडलेला खाल्ला

खोली बघायला गेले तेव्हा आप्पा उंबऱ्यावर बसले होते, एक पाय आत आणि एक पाय बाहेर. मी विचारलं, "खोली आहे का भाड्यानं द्यायला?" त्यांनी आधी माझ्याकडे, मग माझ्या बॅगेकडे बघितलं आणि म्हणाले, "आहेबी, अन् न्हाईबी."

आमच्या कुंभार पिंपळगावकडे माणूस असं बोलला तर त्याला बाजूला सारून घरातल्या बाईला विचारतात. मीही तेच केलं. आतून जिजी आल्या, त्यांनी दार उघडून दाखवलं. खोली होती, पण ती आढ्यापर्यंत कापसानं भरलेली होती. भाव चढला की तो विकायचा होता, आणि भाव चढला की नाही हे आप्पांचं काही ठरत नव्हतं. मला दुसऱ्या दिवशी कामावर हजर व्हायचं होतं. कापूस एका अंगाला ढकलून मी राहायला आले. पुढे कितीतरी दिवस माझ्या केसांत, डब्यात, औषधाच्या पेटीत कापसाचे पुंजके निघत.

जनावरांच्या सरकारी दवाखान्यात मी पशुधन पर्यवेक्षक होते. टेंभुर्णीच्या अलीकडचं ते गाव. म्हैस गाभण आहे की नाही, लस टोचली की नाही, माझं सगळं काम हो आणि नाही यांतलं. आणि घरमालक मिळाले हे असे. पाऊस येईल का विचारलं तर "येईलबी, न येईलबी." चहात साखर घालू की गूळ, तर "थोडं थोडं दोन्ही." जालन्याला जाऊन त्यांनी मोतीबिंदू काढून घेतला तोही एकाच डोळ्याचा. दुसऱ्याची तारीख आली तेव्हा गेलेच नाहीत. मी वैतागून कारण विचारलं.

"एका डोळ्यानं साफ दिसतंय, दुसऱ्यानं धुकट," ते म्हणाले. "दोन्ही मिळून बराबर होतं, म्याडम. सगळंच साफ दिसलं तर मानूस भांडखोर होतो."

गावाला मात्र या माणसाची गरज होती. बांधाचं भांडण असो की सोयरिकीचं, आप्पांना बोलावत. ते दोघांचं ऐकत, दोघांना "तुमचंबी बराबर आहे" म्हणत, आणि दोघंही आपण जिंकलो असं समजून घरी जात. भांडण मिटलेलं नसे, पण त्या दिवसापुरतं थांबलेलं असे. मला हा प्रकार लबाडीचा वाटायचा. आता तसा वाटतो की नाही, ते मला सांगता येत नाही.

जिजी म्हणजे आप्पांच्या धाकट्या भावाची बायको. भाऊ वारलेला, आप्पांची बायकोही वारलेली. घरात हे दोघं, जिजींची लेक आणि लेकीची लहानगी छकुली. जावई पुण्याकडे कंपनीत कामाला होता. आप्पा जिजींचे भाया, नवऱ्याचे थोरले भाऊ, आणि भायाशी समोरासमोर बोलायचं नाही ही त्या घराची जुनी रीत. त्यामुळे जिजी हातभर अंतरावर पदर पुढे ओढून उभ्या राहायच्या आणि मला म्हणायच्या, "म्याडम, त्यांला म्हणावं भाकरी वाढलीया." आप्पाही माझ्याकडेच बघत म्हणायचे, "म्हणावं आलो." दोघांनाही दोघांचं स्वच्छ ऐकू येत होतं. मी यायच्या आधी हे निरोप मांजरामार्फत चालत, असं जिजींच्या लेकीनं मला सांगितलं. माझ्या येण्यानं मांजर सुटलं.

गावाबाहेर त्यांचं एक सामाईक वावर होतं, अर्धं आप्पांचं, अर्धं जिजींच्या नवऱ्याचं. चांगली जमीन, पण वर्षानुवर्षं पडीत. बोरी आणि तरवडाचं रान माजलेलं, मधे मातीचा एक उंचवटा आणि कडेला म्हसोबाचा शेंदूर लावलेला दगड. असं का सोडून दिलंय म्हणून मी एकदा विचारलं.

"धाकटा म्हणला कापूस लावू, मी म्हणलो ज्वारी," आप्पा म्हणाले. "ठरता ठरता तो अटॅकनं गेला. आता मी एकट्यानं ठरवलं तर तो म्हणंल, माझ्या मरायचीच वाट पाह्यली."

एवढं बोलून ते उंबऱ्यावरून उठले आणि बैलांकडे गेले. त्यांना वाईट वाटत होतं की ते थट्टा करत होते, मला कळलं नाही.

याच पडितात लांडगे आले.

आले, असं मी म्हणते. गाव म्हणत होतं, सोडले. वन खात्यानं पिंजऱ्यातून आणून सोडले. म्हातारी माणसं सांगत की आमच्या लहानपणी इकडे लांडगे होतेच, मधल्या काळात दिसेनासे झाले. दूधवाला म्हणे, धावड्याकडच्या डोंगरातून ते आपल्या पायानं उतरलेत. पण आपल्या पायानं आलेल्या लांडग्यावर कुणाला चिडता येत नाही, सोडलेल्या लांडग्यावर येतं. मोबाईलवर एक व्हिडिओ फिरत होता. पिंजऱ्याचं दार वर जातं आणि लांडगा उडी मारून पळतो. खाली मजकूर, 'आपल्या शिवारात सरकारनं लांडगे सोडले.' मी तो आप्पांना दाखवला आणि म्हटलं, नीट बघा, सगळीकडे बर्फ आहे.

आप्पांनी साफ डोळ्यानं बघितलं. "बर्फ तर आपल्याकडं पडत न्हाई," म्हणाले. मग मोबाईल परत देत, "पर त्या दिवशी पडलाबी असंल."

यात गंमत अशी की साक्षीदार खुद्द आप्पाच होते. वन खात्याची पिंजरा लावलेली जीप त्या रस्त्यानं गेली तेव्हा रस्त्यावर तेवढेच होते. पारावर त्यांना बसवून सरपंचबाईंच्या नवऱ्यानं चौकशी केली. सरपंच त्या होत्या, बोलायचं काम हे करायचे.

"आप्पा, पिंजरा भरलेला व्हता का रिकामा?"

"जाताना भरलेला. येताना रिकामा."

"आत काय व्हतं?"

"शेपूट व्हतं."

"शेपूट कशाचं?"

"आता बघा, मी रस्त्याच्या एकाच कडंनं चालतो. जाताना जीप माझ्या डाव्या अंगानं गेली, तो डोळा धुकट. येताना मी घराकडं फिरल्तो, मंग ती उजव्या अंगानं आली. म्हून रिकामा पिंजरा साफ दिसला, भरलेला धुकट दिसला."

एवढ्या साक्षीवर गावाचा निकाल लागला. वनरक्षक तरुण, नवा होता. त्यानं येऊन हात जोडून सांगितलं की पिंजऱ्यात वानरं होती, पलीकडच्या गावात घरात शिरत होती, म्हणून डोंगराकडे नेऊन सोडली. सरपंचबाईंचा नवरा गावाकडे वळून म्हणाला, "बघा, सोडली म्हून कबूल केलं." वनरक्षकानं पुढे बरंच काही सांगितलं, ते कुणी ऐकलं नाही.

गावकऱ्यांना नुसतं हसून सोडून देता येत नाही. बायका कापूस वेचायला एकेकट्या जायच्या बंद झाल्या, सगळ्यांचं आवरेपर्यंत ऊन डोक्यावर यायचं. शेळ्या लोकांनी राहत्या घरात बांधल्या आणि घराघरांत लेंड्यांचा वास भरला. सरपंचबाईंच्या नवऱ्याची कालवड गेली. शेळी मेली की मला बोलावणं यायचं, कुत्र्यानं मारली की लांडग्यानं ते सांगायला. लांडग्यानं मारलेलीची भरपाई होते, कुत्र्यानं मारलेलीची होत नाही. मी मानेवरचे दातांचे वण बघायचे आणि कितीदा तरी मला ते ओळखू यायचे नाहीत. लोक माझ्या तोंडाकडे बघत असायचे. अशा वेळी 'असेलही, नसेलही' माझ्या जिभेवर यायचं आणि मला आप्पांचा आणखी राग यायचा.

पडितातल्या उंचवट्याखाली बीळ होतं. त्यात पिल्लं असल्याचं गुराख्यांनी बघितलं होतं. बीळ उकरून काढा, सगळं रान साफ करा, असं गाव म्हणू लागलं. वनरक्षकानं बजावलं, बिळाला हात लावला तर गुन्हा दाखल होईल. त्यावर सरपंचबाईंच्या नवऱ्याचं उत्तर तयार होतं, वावर मालकीचं आहे, मालकानं पडीत मोडली तर त्यात गुन्हा कसला. म्हणजे प्रश्न पुन्हा आप्पांवर आला. आप्पा म्हणाले, "मोडाया पायजे. पर ऱ्हाऊबी द्याया पायजे."

अशातच बोकड गेला.

हा बोकड साधा नव्हता. छकुली दिवस भरायच्या आत जन्मलेली. जालन्याच्या दवाखान्यात ती काचेच्या पेटीत होती तेव्हा जिजींनी म्हसोबाला नवस बोलला होता, लेकरू हाती लागलं तर बोकड देईन. लेकरू हाती लागलं. जिजींनी करडू घेतलं, उजव्या कानाला खाच पाडली आणि देवाच्या नावानं सोडून दिलं. जत्रेला ते कापायचं होतं. तोवर त्याला कुणी बांधायचं नाही, कुणी मारायचं नाही. त्यामुळे तो गावभर मोकाट फिरून माजला होता. शाळेतली खिचडी खायचा, लग्नातले हार खायचा, माझ्या खोलीतला कापूस चघळायचा. लस टोचायला मी त्याला धरलं तर मलाच त्यानं भिंतीवर ढकललं. तरी लोक म्हणायचे, राहू द्या म्याडम, देवाचा आहे.

जत्रा तोंडावर आलेली असताना एका सकाळी त्याचे अवशेष पडितात सापडले, म्हसोबाच्या दगडापासून हाकेच्या अंतरावर. फारसं काही उरलेलं नव्हतं. खाच पाडलेला कान मात्र शाबूत पडला होता, म्हणून ओळख पटली. या वेळी दात बघायची गरज नव्हती, चिखलात कुत्र्यापेक्षा मोठ्या पायांचे ठसे होते. मी लांडगा म्हणून सांगून टाकलं. मला बरं वाटलं, एकदा तरी स्पष्ट सांगता आलं. पण वनरक्षकानं पंचनाम्याला विचारलं, "मालक कोण?"

"मी सोडल्ता," जिजी म्हणाल्या. "मंग माझा कसा?"

"मंग म्हसोबाचं नाव घाला," कुणीतरी म्हणालं.

"आधार कार्ड लागतं," वनरक्षक बिचारा खरंच म्हणाला.

आप्पा बांधावर बसले होते, एक पाय बांधाच्या या बाजूला आणि एक त्या बाजूला. ते म्हणाले, "सोडलेल्यानं सोडलेला खाल्ला. आता कुनाचं कुनाला सांगायचं?"

हे वाक्य संध्याकाळपर्यंत गावभर झालं आणि लोक हसले. जिजी हसल्या नाहीत. त्याच आठवड्यात छकुलीला ताप भरला. जाफराबादच्या डॉक्टरनं औषध दिलं, म्हणाला, साथ आहे, उतरेल. मलाही साथच वाटत होती. जिजींना वाटत होतं की नवस अंगावर आला. देवाचा बोकड देवाला मिळाला नाही, आता देव आपलं लेकरू मागून घेणार. त्या जेवत नव्हत्या. पोरीला मांडीवरून खाली ठेवत नव्हत्या. जत्रेत दुसरा बोकड देऊ, असं लेक म्हणाली, तर जिजी म्हणाल्या, पहिला पोचलेला असला अन् दुसरा दिला तर देवावर इश्वास न्हाई असं व्हतं. त्यांना देवाची भीती दोन्हीकडून होती.

"म्याडम," त्या मला म्हणाल्या, "त्यांला इचारा. घरातलं मोठं मानूस ते. बोकड देवाला पोचला का न्हाई पोचला?"

आप्पा तिथेच होते. मी त्यांच्याकडे वळले.

"म्हणावं, पोचलाबी असंल," ते म्हणाले. "न पोचलाबी असंल."

मी हा निरोप पुढे दिला नाही. द्यायची गरजही नव्हती, जिजी उठून आत गेल्या. आप्पांना मी त्या दिवशी जे बोलले ते घरमालकाला कुणी बोलत नाही. म्हटलं, तुमचं एक अक्षर खर्च होत नाही, तिकडे ती बाई झुरतेय. ते ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "तुमचंबी बराबर आहे." मी दार आपटलं.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी सकाळीच जेसीबी आला. सरपंचबाईंच्या नवऱ्यानं आणवला होता. पडिताच्या बांधाशी अर्धं गाव जमलं. वनरक्षक जाफराबादला साहेबांना आणायला गेला होता, तो यायच्या आत काम उरकायचं होतं. जेसीबीवाला रफिक यंत्रावरून ओरडला, "आप्पा, बोलो तो खोदता. नै तो मेरा आगे काम है."

आप्पा बांधावर तसेच पाय टाकून बसलेले. एक म्हातारा मधेच म्हणाला, "पर मी काय म्हणतो, बोकड म्हसोबाला पोचला असंल तर ते लांडगे म्हसोबाचेच की. त्यायच्याच हातानं देवानं घेतला. मंग बीळ कसं खोदायचं?"

लोक चुळबुळले. हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं आणि आता निघत नव्हतं. सरपंचबाईंचा नवरा चिडला, पण तो हुशार माणूस. म्हणाला, "ठीक आहे. नवस ह्यांच्या घरचा, वावर ह्यांचं. आप्पानंच सांगावं. पोचला असंल तर जेसीबी वापस जाईल. न्हाई पोचला तर लांडगा चोर आहे, अन् चोराचं घर आपून ठिवत न्हाई. बोला आप्पा."

म्हणजे आता एकाच उत्तरात सगळं आलं. बिळातली पिल्लं, गावच्या शेळ्या, भावानं अर्धवट सोडलेलं वावर आणि जिजींचं लेकरू. आणि उत्तर देणार कोण, तर आप्पा. मला हसावं की रडावं कळेना. गर्दीच्या मागून जिजी आल्या. तापानं मलूल झालेली छकुली त्यांच्या खांद्यावर होती. मला वाटलं, त्या माझ्याकडे येतील आणि म्हणतील, म्याडम, त्यांला इचारा. त्या माझ्या पुढून गेल्या, आप्पांसमोर उभ्या राहिल्या. पदर कपाळापर्यंत होता, तो त्यांनी मागे सारला.

"आप्पा," त्या म्हणाल्या, "तुमी सांगा. पोचला का न्हाई?"

त्या घरात लग्न होऊन आल्यापासून त्या या माणसाशी कधी एक शब्दही बोलल्या नव्हत्या. आप्पा उभे राहिले. त्यांनी बांधापलीकडचा पाय अलीकडे घेतला, दोन्ही पाय एका बाजूला. छकुलीकडे बघितलं.

"पोचला," ते म्हणाले.

आम्ही सगळे पुढच्या अर्ध्याची वाट बघत राहिलो. रफिकनं यंत्र बंद केलं, तेवढ्यासाठी. पुढचं अर्धं आलं नाही. जिजींनी पदर पुन्हा पुढे ओढला आणि पोरीला घेऊन त्या घराकडे गेल्या. त्या दिवशी त्या जेवल्या आणि दुपारी चटईवर गाढ झोपल्या. छकुलीचा ताप उतरला. औषधानं उतरला, असं माझं म्हणणं आहे आणि ते मी तिथे कधी बोलले नाही.

आप्पा असं का म्हणाले, यावर मी पुष्कळ डोकं चालवलं. जिजींसाठी म्हणाले असतील. पण मग आधी, घरात, मी विचारलं तेव्हा का नाही म्हणाले? पिल्लांसाठी म्हणाले असतील, पण लांडग्यांचं त्यांना प्रेम वगैरे मी कधी बघितलं नाही. भावाचं वावर कुणी यंत्रानं उकरू नये, एवढंच कारण असेल. नाहीतर त्यांना खरंच तसं दिसलं असेल, एका डोळ्यानं. मी विचारलं की ते म्हणायचे, "आता काय ते."

त्याचा त्रास मात्र त्यांना झाला. गावात लांडग्यांना 'म्हसोबाचे' म्हणू लागले, पण त्यांनी शेळ्या खायच्या थांबवल्या नाहीत. जिची शेळी जायची ती बाई उंबऱ्याशी येऊन आप्पांना बोल लावायची. सरपंचबाईंचा नवरा एकदा म्हणाला, "आप्पा, तुमच्या म्हसोबाचं पोट केवढं हाय?" आप्पा उठून बैलांकडे गेले. भांडणं सोडवायला त्यांना कुणी बोलावेनासं झालं, कारण एकदा एका बाजूनं बोललेल्या माणसाला पुन्हा दोन्ही बाजूंचा धरत नाहीत. पावसाळ्यानंतर पिल्लं मोठी होऊन कुठे निघून गेली. गेली की कुणी हाकलली, तेही नीट कळलं नाही.

माझी बदली झाली. जायच्या आधी टेंभुर्णीच्या बाजारात काही सामान घ्यायला गेले, तर शेळ्यांच्या ओळीत आप्पा. हातात दावं आणि दाव्याला एक बोकड, तरणा, दोन्ही कान शाबूत. मला बघून ते चपापले. मग म्हणाले, "बरं झालं भेटलात. रोगबिग न्हाई ना, बघा जरा."

मी दात बघितले, डोळे बघितले. चांगला होता. विचारलं, कशाला?

"म्हसोबाला," ते म्हणाले. "आपल्या गावच्या न्हाई, पलीकडच्या. म्हसोबा तोच. जिजीला सांगू नका."

"पण तुम्हीच म्हणाला होतात, पोचला."

"म्हणलो व्हतो."

"मग? नव्हता पोचला?"

आप्पा माझ्याकडे बघत राहिले, एका साफ आणि एका धुकट डोळ्यानं. "मला काय म्हाईत, म्याडम," ते म्हणाले. "मी पोचला म्हणलो तवा तिला झोप लागली. तवापासून माझी गेली. नवस तिचा, लेकरू तिचं, अन् शब्द माझा. पहिला पोचला असंल तर देव म्हणंल, येडं आहे, दोनदा देऊन राह्यलं. म्हणू द्या. पर एकदाबी न्हाई दिला, असं म्हणाया नको."

बोकडाचं दावं माझ्या हातात देऊन ते नारळ घ्यायला गेले. आले तेव्हा त्यांच्या हातात दोन नारळ होते.